गुलाबरावाने आणलेला डबा

देऊळघाट, ३ ऑक्टोबर १९६६

बियाणेवाल्याने फुकट दिलेली ही वही नऊ महिने कोरी पडून होती. आज उघडली, कारण जे झाले ते कुणाला तोंडाने सांगायची लाज वाटते. आज माझी मोटार बैलांनी ओढली.

उन्हाळ्यात अकोल्याच्या सरकारी लिलावात मी ही जुनी व्हॅन घेतली. अन्नपूर्णेचा धाकटा भाऊ गुलाबराव म्हणाला, "दाजी, घ्या, मी हाय ना." चिखलीला त्याचे ग्यारेज आहे. लढाईच्या वेळी तो ब्रह्मदेशात लष्करी ट्रकांवर काम शिकला. तेव्हापासून गावातली वांगी, मिरची, मेथी मी पहाटे चिखलीच्या बाजारात पोचवतो. लोकांनी एस.टी.च्या टपावरच्या टोपल्या आणि बैलगाड्या बंद केल्या आणि माझ्या शब्दावर भाजी तोडायला लागले.

आणि आज पहाटे भरलेली गाडी चालूच होईना. बॅटरी मेलेली. शेवटी माणिकरावाची बैलजोडी पुढे बांधून उतारापर्यंत ओढली, तेव्हा कुठे इंजिन खोकले. माणिकराव म्हणाला, "नारायणराव, आता बैलाईचंच लायसन काढा." सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून नाही.

९ ऑक्टोबर

गुलाबराव येऊन गाडी पाहून गेला. बॅटरी चांगली, डायनामोही चांगला, बिघाड मधल्या कंट्रोलच्या डब्यात आहे म्हणाला. हा वीतभर काळा डबा. आत तांब्याच्या तारांची गुंडाळी आणि वर-खाली होणाऱ्या दोन बारीक पत्र्या. माझ्या डोक्यात शिरेना तेव्हा त्याने माझ्याच भाषेत सांगितले. डायनामो म्हणजे मोट, बॅटरी म्हणजे वाफा, आणि डबा म्हणजे पाटावर दार धरणारा माणूस. मोट चालू असली की दार उघडायचे, थांबली की लावून घ्यायचे. आपला माणूस म्हातारा झाला, झोपा काढतो.

असा डबा चिखलीला नाही, बुलढाण्यालाही नाही. अकोल्याला मिळेल. दुसऱ्या कुणाला पाठवले तर भलतेच काही आणेल म्हणून तो स्वतः जाणार.

१५ ऑक्टोबर

रोज संध्याकाळी गाडी मारुतीच्या उतारावर लावतो. पहाटे ढकलली की चालू होते. दोन दिवस उशीर झाला, कोथिंबीर पडेल भावाने गेली. तिघे जण पुन्हा एस.टी.कडे वळले. तोंडावर कोणी बोलत नाही. हे बरे चाललेले नाही.

२१ ऑक्टोबर

गुलाबराव डबा घेऊन आला. अकोल्याहून इथपर्यंत दोन मोटारी बदलल्या, आणि सगळी वाट धोतराच्या फडक्यात गुंडाळून मांडीवर धरून बसला होता म्हणे, दणके लागू नयेत म्हणून. अन्नपूर्णा म्हणाली, "एवढं तर त्यानं लेकरूबी मांडीवर घेतलं नाही." त्याला मूल नाही, हे ती विसरली. तो नुसता हसला.

झाकण काढून त्याने आतले सगळे तपासले. मी पावती विचारली तर म्हणाला, अक्काच्या घरी पावती दाखवायची असते का. माझा स्वभाव असा आहे की पावती असली की बरे वाटते, पण विषय सोडला.

त्याला उद्याच डबा बसवायचा होता. पण उद्या खंडेनवमी, हत्यारांना हात लावायचा नाही. मग दसऱ्याच्या दुपारी बसवू असे ठरले. तोवर हाही पूजेत ठेवू, ही कल्पना माझी.

खंडेनवमी

पूजा छान झाली. पाटावर विळे, खुरपी, कुदळ, गुलाबराव काल ठेवून गेला ते नट आवळायचे दोन पाने, आणि मधोमध नवा डबा. झाकण मी लावायला गेलो तर अन्नपूर्णेने हात धरला. देवाच्या तोंडावर झाकण ठेवून कुणी पूजा करते का, असे तिचे म्हणणे. तिचेही खरे होते. तिने हळदकुंकू वाहिले, मूठभर अक्षता टाकल्या, झेंडूची फुले ठेवली, नारळ फोडून पाणी शिंपडले. तांब्याच्या तारांवर कुंकू मोठे खुलून दिसत होते.

नंतर ती बराच वेळ हात जोडून बसली होती. काय मागितलेस म्हणून विचारले तर म्हणाली, "तुम्ही अंधाराचे निघता. माह्या जिवात जीव नसते. त्यालेच सांगतलं, माह्या माणसाले संभाळ."

पंचवीस वर्षांच्या संसारात ती एवढे सरळ कधी बोलली नव्हती. गाईला वैरण टाकायला गेलो.

दसरा

डबा बसला. गुलाबरावाने आधी नेहमीप्रमाणे चाकांना दोन दगड लावले. सपाट जमीन असली तरी दगड लावल्याशिवाय हा माणूस गाडीखाली जात नाही. मी त्याला चिडवले की तू सासरच्या दारातही दगड लावून झोपत असशील. तो खाली उताणा पडून तारा धरत होता, हात मोकळे नव्हते, तेव्हा डब्यातली फुले मी फुंकून काढली, झाकण ठेवले आणि दोन्ही स्क्रू मीच आवळले. मलाही आता जमायला लागले आहे.

पहिल्या दमात इंजिन चालू. दिवे असे लागले की समोरच्या भिंतीवरची गोवरी न् गोवरी मोजावी. जुना डबा गुलाबरावाने पिशवीत टाकला, सुटे भाग कामाला येतात म्हणाला. अन्नपूर्णेने गाडीला ओवाळले, मग भावाला. पुरणपोळी खाऊन, सोने देऊन तो शेवटच्या मोटारीने गेला.

२६ ऑक्टोबर

तिन्ही दिवस वेळेवर. गेलेले तिघे परत आले. माणूस ओळखण्यात मी सहसा चुकत नाही. गुलाबरावाच्या भरवशावर गाडी घेतली ते बरोबरच होते.

२९ ऑक्टोबर



चिखलीला माल उतरवला, इंजिन बंद करून समोर चहा घेत होतो. बॉनेटमधून धूर निघाला. लोक ओरडायला लागले. गुलाबराव ग्यारेजातून धावत आला, आधी बॅटरीची तार उपटली, मग माती टाकली. तारा जळल्या, डायनामो जळला, बॅटरी संपली. सगळा बाजार भोवती उभा.

त्याने डबा सोडवला. स्क्रू काढून झाकण बोटभर उचलले, आत पाहिले, आणि पाहातच राहिला. मग झाकण परत ठेवून स्क्रू आवळले. मला विचारतो कसा, अक्का घरीच हाय ना, तिची तब्येत बरी हाय ना. गाडी जळून राहिली आणि याला बहिणीची तब्येत सुचते.

माणिकराव शेजारीच होता. तो म्हणाला की अस्साच डबा कालच त्याने गुलाबरावाच्या ग्यारेजात टेबलावर पाहिला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पावती नव्हती. वरचे वेष्टण नव्हते. नवा डबा ठेवून घेतला आणि जुन्याला रंग मारून मला दिला. मी सगळ्यांदेखत विचारले, "गुलाबराव, खरं सांग. डबा नवा होता का जुना?"

मी पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा खाली पाहून म्हणाला, "जुनाच होता, दाजी. माही चूक झाली."

गर्दीत कोणीतरी थू केले. मी कोणाला थांबवले नाही.

जाताना हळूच म्हणाला, डबा मले देऊन टाका. मी दिला नाही. पुरावा नाहीसा करायला पाहतो. आता तो माझ्या कपाटात कुलपात आहे.

३० ऑक्टोबर

अन्नपूर्णेला सांगितले. तिचा विश्वास बसेना. माहा भाऊ उपाशी मरेल पण असं करणार नाही, म्हणाली. मग एकच विचारले, "तो सोताच्या तोंडानं बोलला?"

मी हो म्हणालो. ती उठून चुलीपाशी गेली. दिवसभर पुन्हा तो विषय नाही.

८ नोव्हेंबर

गाडी अंगणात उभी. तिच्यावर कोंबड्या बसतात. भाजी पुन्हा एस.टी.च्या टपावर.

चिखलीहून आलेले सांगतात की गुलाबरावाकडे आता कोणी गाडी नेत नाही. जो सख्ख्या बहिणीला फसवतो तो आपल्याला सोडेल का, असे लोक म्हणतात. करावे तसे भरावे. तरी आज जेवण गेले नाही. पित्त झाले असावे.

भाऊबीज, १४ नोव्हेंबर

तो येणार नाही असे मला वाटले होते. दिवस मावळायच्या आत आला. पांढरा सदरा, हातात नारळ आणि हिरवे लुगडे. अंगणातच थांबला. मी खाटेवर बसून होतो, या म्हणालो नाही.

अन्नपूर्णा दारात आली. ती म्हणाली, "ज्यानं माह्या घराले फसवलं, त्याले मी ओवाळत नाही."

मला वाटले आता हा उसळेल, काही तरी सांगेल. त्याने तोंड उघडलेही होते. तिच्याकडे पाहिले आणि पुन्हा मिटले. नारळ आणि लुगडे ओट्यावर ठेवले, तिच्या पायांना लांबूनच हात जोडले आणि निघाला. फाटकाशी गाडीपाशी थांबून एक चाक हाताने दाबून पाहिले. हवा कमी होती. तो गेल्यावर अन्नपूर्णेने नारळ आणि लुगडे दोन्ही गड्याच्या हाती परत पाठवले.

दिवेलागणीला बीजेची कोर दिसली, तेव्हा तिने तबक घेऊन चंद्राला ओवाळले. ज्यांना भाऊ नाही त्या बायका ओवाळतात तसे. बाईचा करारीपणा पाहून मला अभिमान वाटला. मग दारामागे तिचा आवाज ऐकला, आणि अभिमान राहिला नाही.

२४ नोव्हेंबर

गुलाबरावाने ग्यारेज बंद केले. तानाबाईला, म्हणजे बायकोला, घेऊन भुसावळला गेला. कुठल्याशा ट्रकवाल्याकडे मजुरीवर लागला म्हणतात. मनात चोर नसता तर गाव कशाला सोडले असते.

१८ डिसेंबर

तार आली. गुलाबराव गेला.

२२ डिसेंबर

आज भुसावळहून परतलो. सगळे आटोपले होते, फक्त राख होती. तो ट्रकखाली काम करत होता, ट्रक सरकला. मी तिथल्या माणसाला विचारले, चाकांना दगड लावले नव्हते का. तो म्हणाला, आमच्याकडे एवढा वेळ कोणाला आहे, मालक ओरडतो. स्वतःच्या ग्यारेजात सपाट जमिनीवर दगड लावणारा माणूस. हे माझ्या डोक्यातून जात नाही.

तानाबाई माझ्याशी बोलली नाही. अन्नपूर्णेच्या गळ्यातही पडली नाही. एवढेच म्हणाली की भाऊबीजेहून आल्यावर दोन दिवस ते जेवले नाहीत, पण अक्काले कोणी नाव ठेवलं तर मले चालणार नाही, असं बजावलं होतं.

येताना मोटारीत अन्नपूर्णा खिडकीकडे तोंड करून बसली होती. मलकापूर मागे पडल्यावर म्हणाली, "लबाड होता. पण माहा होता."

९ जानेवारी १९६७

उभी गाडी किती दिवस पाहायची. अकोल्याला गेलो. जळका डबा सोबत घेतला, दुकानदाराला दाखवून तसाच दुसरा घ्यावा म्हणून.

दुकानदाराने डबा हातात घेतला आणि म्हणाला, हा तर आमच्याकडूनच गेलेला दिसतो, दसऱ्याच्या आधी. वहीतली पावतीची नक्कल काढून दाखवली. गुलाबरावाची सही. डबा नवा. तो म्हणाला, चांगले आठवते, धोतराच्या फडक्यात गुंडाळून नेणारा हा एकच गिऱ्हाईक पाहिला.

मग त्याने झाकण उघडले.

आत सगळे काळे होते. त्या काळ्यात तांबडे कुंकू चिकटून बसले होते. दुकानदाराने चिमट्याने पत्रीच्या वरून एक दाणा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. अक्षतेचा तांदूळ. एका बाजूने जळालेला, दुसऱ्या बाजूने अजून लाल. तो म्हणाला, गाडीच्या हादऱ्यांनी घरंगळत हा इथे येऊन अडकला म्हणून पत्री वर उठली नाही, इंजिन बंद झाल्यावर बॅटरीची सगळी वीज उलटी डायनामोत शिरली. आत हे काय घातलं तुम्ही लोकांनी?

पाटाचे दार उघडे राहिले होते. दारात दाणा होता. झाकण मी लावले होते.

मला तिथल्या स्टुलावर बसवून त्यांनी पाणी दिले.

१० जानेवारी

आज सगळे पुन्हा वाचून काढले. त्याने झाकण बोटभर उचलले होते. त्याला तेव्हाच दिसले. कुंकू पाहिल्यावर कोणाचा हात हे त्याला विचारावे लागले नाही. म्हणून त्याने विचारले, अक्का घरीच हाय ना. म्हणून डबा मागितला. भर बाजारात मी तीनदा विचारले आणि तो आपल्या बहिणीवर नाव येऊ नये म्हणून चोर झाला. माणिकरावाने टेबलावर पाहिलेला डबा आमचाच जुना होता, माझ्याच डोळ्यांसमोर त्याने पिशवीत टाकलेला. ते मीच या वहीत लिहून ठेवले आहे. माणूस ओळखण्यात मी चुकत नाही असेही लिहिले आहे.

अन्नपूर्णेला सांगू का? सांगितले तर तिचा भाऊ तिला परत मिळतो. पण तिच्याच अक्षतेने हे झाले आणि तिनेच त्याला अंगणातून परत पाठवले, हेही तिला मिळते. ते घेऊन ती जगेल असे मला वाटत नाही. न सांगावे तर ती जन्मभर लबाड भावासाठी रडत राहील.

तांदळाचा दाणा बामच्या रिकाम्या डबीत घालून कपाटात ठेवला आहे. टाकवला नाही.

१२ जानेवारी

चिखलीला गेलो. जिथे गाडी जळली तिथे उभा राहिलो, ओळखीचे दहा-बारा जण जमवले आणि सांगितले की डबा नवा होता, दुकानात नक्कल आहे, चूक माझी होती. मी त्याच्या मागे हुशारी करून तार उलटी जोडली. माझी फजिती होऊ नये म्हणून त्याने स्वतःवर घेतले. माणिकराव टोपी काढून उभा राहिला. बंद ग्यारेजच्या फळ्यांवर कोणीतरी तंबाखूची जाहिरात चिकटवली होती, ती फाडली.

घरी येऊन अन्नपूर्णेला तेच सांगितले. ती भाकरी थापत होती. हात थांबले. तव्यावरची भाकरी जळायला लागली तरी उलटली नाही. मग म्हणाली, "तुम्ही त्याले भरबाजारात चोर म्हणलं."

मी हो म्हणालो.

"न् मी त्याले दारातून वापस लावलं. तुमच्या बोलण्यावर."

मी हो म्हणालो. तिने माझे ताट वाढले आणि परसात निघून गेली.

३ मार्च

नवा डबा, नवा डायनामो बसवला. बुलढाण्याचा मेकॅनिक आला होता. चाकांना दगड मी लावले. गाडी चालू आहे.

अन्नपूर्णा माझ्याशी कामापुरती बोलते. पहाटे निघताना दारात येत नाही. भावाची तसबीर करून घेतली आहे, तिला रोज हार घालते, तानाबाईला दर महिन्याला जाऊन भेटते. तिला तिचा भाऊ मिळाला. माझ्या वाट्याला जे आले ते माझेच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पहाटे फाटक उघडताना एकदा मागे पाहिल्याशिवाय राहवत नाही.

खंडेनवमी, १९६७

सात महिन्यांनी वही उघडली.

सकाळी पाटावर हत्यारे मांडली. गाडीची पूजा अंगणात. रिवाजाप्रमाणे बॉनेट उघडून दिले आणि बाजूला झालो. अन्नपूर्णा तबक घेऊन आली. चाकांना कुंकू लावले, दिव्यांना लावले. मग इंजिनासमोर उभी राहिली आणि तबक तसेच हातात ठेवून मला म्हणाली, "त्या डब्याचं झाकण घट्ट हाय ना? एकदा पाहून घ्या."

मला वाटले ऐकण्यात चूक झाली. तार उलटी जोडली, असे मी तिला सांगितले होते. झाकणाचे नाव मी कधीच काढले नव्हते.

मी पेचकस आणला आणि दोन्ही स्क्रू आवळले. आधीच घट्ट होते. तिने एका बोटाने झाकणावर वरून कुंकू लावले, अगदी थोडे. तबकात अक्षता नव्हत्या. तबक रिकामे झाल्यावर तिने हात पदराला पुसला, पुन्हा पुसला, पुसतच राहिली. मी तिचा हात धरला. तिने काढून घेतला नाही.

दुपारी कपाट उघडले. बामची डबी जागेवर होती, पण आत दाणा नव्हता. तो देव्हाऱ्यात होता, गुलाबरावाच्या तसबिरीपुढे, एका छोट्या वाटीत. वाटी रोजच्या घासण्याने चकचकीत झालेली होती, म्हणजे तो तिथे आज आलेला नाही.

तिला कधीपासून ठाऊक आहे ते मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. संध्याकाळी ती म्हणाली, उद्या पहाटे निघाल तेव्हा मले उठवा.